कोल्हापूरचं पाणी, कुत्रं आणि फ्लोराइड

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या युटा राज्यात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणं कायद्याने बंद झालं. जुलैत फ्लोरिडानेही तेच केलं. या वादाचे पडसाद मोबाइलवरून आपल्याकडेही पोचले आणि कुत्री पाळणाऱ्या घरांमध्ये एक प्रश्न विचारला जाऊ लागला : नळाचं पाणी कुत्र्याला चालतं का, की त्यालाही आरओचं द्यायला हवं? प्रश्न मनापासूनच्या काळजीतून येतो, म्हणून त्याला सरळ आणि पूर्ण उत्तर मिळायला हवं. ते उत्तर मात्र अमेरिकेच्या नळयोजनेत सापडणार नाही. त्यासाठी आपल्या पायाखालचा खडक पाहावा लागतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ च्या जानेवारीत पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. मुलांचे दात किडू नयेत हा हेतू होता. तिथे २०१५ पासून शिफारस केलेलं प्रमाण आहे लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम. आपल्या देशात उलटी गोष्ट आहे. इथे अनेक राज्यांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच गरजेपेक्षा जास्त असल्याने सरकारचा सगळा प्रयत्न ते कमी करण्याचा आहे. कोणतीही महापालिका ते मुद्दाम घालत नाही. कोल्हापुरात जलशुद्धीकरण केंद्रावर पाण्यात पडते ती गाळ बसवणारी तुरटी आणि जंतू मारणारा क्लोरीन. नळ सोडल्यावर कधी कधी जो उग्र वास येतो तो क्लोरीनचा. भांड्यात पाणी तासभर उघडं ठेवलं की तो बराचसा उडून जातो. नाक तिखट असलेलं कुत्रं ताजं पाणी हुंगून बाजूला झालं, तर कारण बहुधा हेच असतं.

कोल्हापूरला पाणी पुरवतात त्या पंचगंगा आणि भोगावती. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि परंपरेने मानलेली सरस्वती यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला होते. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणीही शहरात आलं. या सगळ्या नद्या सह्याद्रीच्या धुवाधार पावसावर पोसलेल्या. गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरांवर पडलेलं पाणी काळ्या पाषाणावरून आणि जांभ्यावरून झपाट्याने वाहत येतं. खडकाशी त्याची गाठ थोडाच वेळ पडते, आणि हा खडकही फ्लोराइडच्या बाबतीत गरीब. म्हणून अशा नद्यांच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे एका मिलिग्रॅमच्या पुष्कळ खाली असतं.

काळा पाषाण म्हणजे लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो इथे थरावर थर पसरला. ज्वालामुखीच्या नावाने फ्लोराइडची धास्ती वाटावी असा इतिहास जगात आहे. १७८३ मध्ये आइसलंडमधल्या लाकी भेगेतून उद्रेक झाला, त्यात बाहेर पडलेलं फ्लोरीन राखेबरोबर गवतावर बसलं आणि ते गवत खाऊन त्या बेटावरच्या जवळपास ८० टक्के मेंढ्या मेल्या. पण ती ताजी राख होती. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षं पावसाने धुतला गेलेला आहे आणि फ्लोराइड ज्यांच्यात साठतं अशी खनिजं त्यात तुलनेने कमी आहेत.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला चित्र वेगळं दिसतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या काही भागांत ग्रॅनाइट आणि नीस जातीचे फार जुने खडक आहेत. त्यांच्यात फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, अभ्रक अशी खनिजं असतात. खोल बोअरमधलं पाणी वर्षानुवर्षं या खडकांच्या फटींत मुरत राहतं. ते पाणी अल्कधर्मी असेल, त्यात सोडियम जास्त आणि कॅल्शियम कमी असेल, तर फ्लोराइड विरघळून तसंच टिकतं. कॅल्शियम भरपूर असतं तिथे ते फ्लोराइडला धरून खाली बसतं. म्हणजे एकाच गावात आडाचं पाणी चांगलं आणि दोनशे-तीनशे फूट खाली गेलेल्या बोअरचं वाईट, असंही होतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ चीच. ती माणसांसाठी ठरवलेली आहे. कुत्र्यांसाठी पाण्याची वेगळी मर्यादा आपल्याकडे कोणी आखलेली नाही, म्हणून हिशेब शरीराच्या वजनावरून करावा लागतो.

तो करून पाहू. साधारण कुत्रं दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितं. १५ किलोचं कुत्रं म्हणजे सुमारे पाऊण लिटर किंवा थोडं अधिक. ८०० मिलिलिटर धरू. पाण्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम फ्लोराइड आहे असं समजलं, तर त्याच्या पोटात रोज ०.४ मिलिग्रॅम जातं, किलोमागे जेमतेम ०.०२७. त्याच घरातला ६० किलोचा माणूस अडीच लिटर पाणी पीत असेल तर त्याच्या वाट्याला किलोमागे ०.०२१ येतं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. एप्रिल-मेमध्ये कुत्र्याचं पिणं दुप्पट झालं तरी काळजीचं कारण नाही. आता हाच हिशेब लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या बोअरसाठी करा. त्या कुत्र्याच्या अंगात रोज ४ मिलिग्रॅम जाईल, आणि तेवढ्याच वजनाचं मूल तेच पाणी पीत असेल तर त्याच्या अंगातही तितकंच किंवा थोडं जास्त. ज्या पाण्याने घरातल्या मुलाच्या दातांवर डाग पडतात, ते पाणी कुत्र्यालाही नको, एवढं यातून स्पष्ट होतं.

अंगात गेलेलं फ्लोराइड आतड्यातून रक्तात येतं. त्यातला मोठा भाग मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात आणि उरलेलं हाडांत जातं. शरीरात साठलेल्या फ्लोराइडपैकी ९९ टक्के हाडांत आणि दातांतच असतं. हाडाच्या खनिजात हायड्रॉक्सिल नावाच्या गटाची जागा ते घेतं. थोडं असलं तर खनिज घट्ट होतं, फार झालं तर हाड जाड पण ठिसूळ बनतं, सांध्यांजवळ नको तिथे हाड वाढतं, स्नायुबंध कडक होतात. माणसांमध्ये पाठ वाकवणारा हाडांचा फ्लोरोसिस रोज १० ते २० मिलिग्रॅम फ्लोराइड दहा-वीस वर्षं पोटात गेल्यावर होतो, असं जुन्या अभ्यासांवरून मानलं जातं. कुत्र्याचं आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचं, त्यामुळे ते टोक गाठण्याइतका वेळ त्याला क्वचितच मिळतो. तरी म्हातारपणी कुत्र्यांची मूत्रपिंडं बऱ्याचदा थकतात, आणि थकलेली मूत्रपिंडं फ्लोराइड नीट बाहेर टाकत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पाणी जरा चोखंदळपणे निवडावं, हे मला योग्य वाटतं.

जनावरं आणि फ्लोराइड यांचं नातं आपल्या देशात जुनं आहे. १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातला फ्लोरोसिस शास्त्रीयरीत्या नोंदवला. गुरांमध्ये काहीतरी बिघडलंय हे तिथल्या शेतकऱ्यांच्या त्याआधीच लक्षात आलेलं होतं : बैल लंगडायचे, दावणीला उठायला कुरकुरायचे. पुढे राजस्थानात शांतिलाल चौबिसा यांनी गाई-म्हशी, उंट, घोडे, गाढवं, शेळ्या-मेंढ्या यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना गाई-म्हशींना त्रास जास्त आणि शेळ्या-मेंढ्यांना कमी असं दिसलं. शेळ्या झाडपाला खातात आणि त्यातून मिळणारं कॅल्शियम व जीवनसत्त्व क फ्लोराइडला अटकाव करत असावं, असा त्यांचा कयास. कुत्र्यांवर एवढं काम झालेलं नाही. दूध, ओढकाम, बाजारभाव यांत गुराचं नुकसान लगेच दिसतं. गावच्या कुत्र्याच्या लंगडण्याची नोंद ठेवायला कोणी बसत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

एका बाबतीत मात्र कुत्र्यांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. मोठ्या चणीच्या कुत्र्यांना हाडांचा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा, माणसांपेक्षा कितीतरी जास्त होतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगात फार जास्त फ्लोराइड पाजलेल्या नर उंदरांमध्ये या कर्करोगाच्या थोड्या गाठी आढळल्या. तो पुरावा संदिग्ध आहे असं खुद्द संशोधकांनीच लिहिलं, पण भीती पसरली ती पसरलीच. नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी हा रोग झालेली पाळीव कुत्री आणि न झालेली कुत्री यांच्या राहत्या भागातल्या पाण्यात फ्लोराइड मिसळतात का, हे पाहून तुलना केली. फ्लोराइड मिसळलेल्या पाण्याचा आणि या कर्करोगाचा संबंध त्यांना सापडला नाही. आपल्याकडच्या ग्रेट डेन, रॉटवायलर, लॅब्रॅडोर पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मुळात ज्या कारणासाठी अमेरिकेत फ्लोराइड घालतात ते कारण कुत्र्याला फारसं लागूच होत नाही. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी, दात टोकदार, खाण्यात साखर कमी. त्यामुळे त्याचे दात क्वचितच किडतात. त्याला छळतात त्या हिरड्या. दातांवर पिवळट कीटण चढतं, हिरड्या सुजतात, दात हलतात, तोंडाला वास येतो. फ्लोराइडने हे बरं होत नाही. ब्रश करावा लागतो.

आणि खरा धोका ब्रश करतानाच घरात शिरतो. आपली टूथपेस्ट. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड दशलक्ष भागांत १००० भागांपर्यंत असू शकतं, म्हणजे ग्रॅममागे १ मिलिग्रॅम. १०० ग्रॅमच्या नळीत १०० मिलिग्रॅम. माणूस चूळ भरून थुंकतो, कुत्रं गिळतं. मोरीत पडलेली नवी नळी १० किलोच्या कुत्र्याने पूर्ण फस्त केली तर किलोमागे १० मिलिग्रॅम फ्लोराइड एकदम पोटात जातं. अर्धा मिलिग्रॅमवाल्या पाण्यातून तेवढं यायला त्याला जवळपास वर्ष लागलं असतं आणि त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघूनही गेलं असतं. एकदम आलेलं फ्लोराइड जठरातल्या आम्लाशी मिळून आतलं अस्तर जाळतं, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. रक्तातलं कॅल्शियम ते बांधून टाकतं, त्यामुळे स्नायू थरथरतात आणि हृदयाची लय बिघडते. काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला त्याहूनही घातक : रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते, यकृताला इजा होते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता नळी हातात घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे जावं, म्हणजे त्यांना घटक वाचता येतात. कुत्र्यांसाठीची वेगळी, गिळली तरी चालणारी पेस्ट मिळते. तीच वापरावी.

पाण्याखेरीज फ्लोराइड अन्नातूनही येतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने कुत्र्यांच्या तयार खाद्याचे १० ब्रँड तपासले. त्यांतल्या ८ मध्ये फ्लोराइड जास्त आढळलं. त्याचा स्रोत होता खाद्यात घातलेला हाडांचा भुगा आणि कोंबडीचे हाडांसकट दळलेले अवशेष. जनावर जन्मभर पाण्यातून घेतं ते फ्लोराइड हाडात जमतं, आणि तेच हाड दळून कुत्र्याच्या ताटात येतं. हाडातलं फ्लोराइड कॅल्शियमला घट्ट बांधलेलं असल्याने पाण्यातल्या फ्लोराइडपेक्षा कमी शोषलं जातं, तरी पिल्लाला महिनोन् महिने एकच कोरडं खाद्य घालणाऱ्यांनी पिशवीवरचे घटक वाचावेत. कोल्हापुरात मटणाची हाडं कुत्र्याला घालणं हा रोजचाच भाग. इथल्या बकऱ्यांची हाडं फ्लोराइडमुळे घातक ठरतील असं नाही. शिजलेल्या हाडाच्या कपच्या घशात किंवा आतड्यात रुतणं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटणं, हे धोके त्याहून कितीतरी मोठे आहेत. चहाबिस्किटाचं तसंच. चहाचं झाड मातीतून फ्लोराइड ओढून पानात साठवतं, त्यामुळे कपातल्या चहात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त फ्लोराइड असू शकतं. पण कुत्र्याला चहा न देण्याचं त्याहून भक्कम कारण त्यातलं कॅफीन आहे.

कोल्हापूरच्या कुत्र्याने पाण्याबद्दल भ्यायचंच तर ते जंतूंना. पंचगंगेत सांडपाणी मिसळतं हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको. रंकाळ्याचं पाणी शेवाळाने हिरवंगार झालेलं शहराने पाहिलेलं आहे, आणि काही निळ्या-हिरव्या शेवाळांची विषं कुत्र्याचा जीव तासाभरात घेऊ शकतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारखा पूर येऊन ओसरला की उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पाणथळ जागी हिंडणाऱ्या कुत्र्याला तो गाठतो आणि कुत्र्याकडून माणसाकडे येतो. त्याची लस आहे, ती दर वर्षी टोचावी लागते. फिरायला नेताना बाटलीत घरचं पाणी न्यावं आणि घाटावर, डबक्यात तोंड घालू देऊ नये.

बोअरच्या पाण्यावर असलेल्या घरांनी मात्र फ्लोराइडची तपासणी एकदा करून घ्यावी. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड पट्ट्यात, जिथे वर्षानुवर्षांच्या भरमसाट पाटपाण्याने जमिनीत सोडियम चढलं आहे, तिथे तर नक्कीच, कारण सोडियमचं अल्कधर्मी पाणी फ्लोराइडला मानवतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारलं तर वाट कळते. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्यावा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, वाफ गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट थोडं वाढतं. साध्या कँडल फिल्टरनेही ते जात नाही. आरओने जातं. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाच्या गाळणीने आणि हाडाच्या कोळशानेही जातं. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची सोपी रीत बसवली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात, आणि ती गावपातळीवर बादलीतही करता येते. ज्यांच्या घरी महापालिकेचं पाणी येतं त्यांनी केवळ कुत्र्यासाठी आरओ घ्यायची गरज मला दिसत नाही.

कोल्हापूरकरांचा एक आवडता कुत्रा मात्र मूळचा वेगळ्या पाण्यावरचा आहे. मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने ही जात जोपासली. राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली होती, आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं. मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि त्या जिल्ह्याच्या काही भागांतल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिकडून पिल्लू आणणाऱ्याला ते ज्या पाण्यावर वाढलं ते विचारायचा पूर्ण हक्क आहे. पिल्लाचे पक्के दात आले की त्यांवर खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे दिसतात का ते पाहावं. हे डाग दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात आणि घासून जात नाहीत. मात्र पिल्लूपणी झालेल्या डिस्टेंपरनेही दातांवर असेच खड्डे-डाग पडतात, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडावं.

डाग पडण्याचा काळ फार छोटा असतो. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी कमी उतरतं, त्यामुळे दूध पिणारं पिल्लू सुरक्षित असतं. सहा ते आठ आठवड्यांनी ते दूध सोडून पाणी पिऊ लागतं. त्याच्या पक्क्या दातांवरचं एनॅमल हिरडीच्या आत बहुतांशी तीन-चार महिन्यांपर्यंत तयार होऊन जातं, दात बाहेर दिसतात ते त्यानंतर, सातव्या महिन्यापर्यंत. म्हणजे दूध सुटल्यापासून चौथ्या महिन्यापर्यंतचे दोन-अडीच महिने निर्णायक. चंद्रपूर-यवतमाळकडच्या ज्या गावांत हातपंपाला लाल रंग फासून त्याचं पाणी पिऊ नका असं सांगितलं जातं, तिथेही या पंपाचं पाणी धुण्याभांड्याला आणि जनावरांना चालूच राहतं. घरापुरतं शुद्ध पाणी मोजकं असतं, ते सगळ्या जनावरांना पुरणार नाही हे खरं आहे. पण एका पिल्लाला त्या दोन-अडीच महिन्यांत रोज लागतं ते तांब्याभरही नसतं; पावसाळ्यात पन्हाळीखाली धरलेलं पाणी किंवा घरच्या पिण्याच्या हंड्यातलं थोडं त्याच्या वाडग्यात ओतलं तरी त्याचे दात वाचतात. पुढे मोठेपणी त्याच पंपाचं पाणी प्यायची वेळ आली, तर हाडांची काळजी उरते, आणि तिथे जेवढे दिवस चांगलं पाणी मिळेल तेवढं कमी साठतं.